बारा गाड्या थांबवायच्या कुणी? एका यात्रा कमिटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यातलं, अहिल्यानगरच्या हद्दीला लागून असलेलं हे गाव. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. गावात खंडोबाचं ठाणं आहे आणि चैत्रात यात्रा भरते. चैत्र सोयीचा पडतो, कारण दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेली निम्मी घरं तोवर परत आलेली असतात. साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की बैल, गाड्या, भांडीकुंडी, कोंबड्या असा सगळा संसार गावात उतरतो आणि पाच-सहा महिने ओस पडलेल्या वस्त्यांना माणूस दिसू लागतो.

यात्रा दोन दिवसांची. पहिल्या दिवशी काठी, पालखी आणि दिवस कलताना बारा गाड्या. दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा फड. फडाला आता चांगली शिस्त आली आहे. पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून या पट्ट्यातल्या पोरांना आखाड्याच्या पुढंही काही असतं हे कळलं. जोड लावताना वजन बघतात, पंच ठरलेला असतो, कुस्ती किती मिनिटांत सोडवायची ते आधी पुकारतात. मारुतीच्या पारावर दगडी गोटा पडलेला असतो, तो खांद्यावर घेण्याची ईर्षाही पोरांत अजून आहे. गोटा निसटला तर उचलणाऱ्याच्याच पायावर पडतो, त्यामुळं जो तो आपल्या हिशोबानं हात घालतो.

बारा गाड्यांचं तसं नाही. तिथं जोर एकाचा दिसतो आणि जीव शेकडो लोकांचा लागलेला असतो. हा फरक गावानं कधी बोलून दाखवला नव्हता, आणि पुढचं सगळं प्रकरण त्यातूनच झालं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बारा बैलगाड्या बैल सोडून एकामागं एक बांधतात. मागच्या गाडीची दांडी पुढच्या गाडीच्या मागच्या बाजूला सोलानं, म्हणजे जाड दोरानं, करकचून आवळलेली असते. गाड्यांत माणसं बसतात. मानकरी भगत दिवसभर उपाशी असतो. अंघोळ करून, अंगभर भंडारा लावून तो गाड्यांना प्रदक्षिणा घालतो आणि पहिल्या गाडीचा दोर कमरेला घेतो. त्याच्या दोन्ही बगलांना भावकीतली माणसं असतात. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ झालं की गाड्या हलतात आणि वेशीपासून देवळासमोरच्या पारापर्यंत, म्हणजे तीनेकशे फूट, जातात. गावातल्या भगतांना सगळे आबा म्हणतात. वय पन्नाशीच्या पुढं. त्यांच्या आधी त्यांचे वडील ओढत, त्यांच्याही आधी आजोबा.

मी याच गावचा. जलसंधारणाच्या कामांवर नोकरी झाली, आता निवृत्त आहे. कमिटीत नव्हतो, अपघातानंतरच्या बैठकांना मला बोलावलं गेलं.

गाड्या बदलल्या, रस्ता बदलला

जुन्या गाड्या लाकडी चाकाच्या होत्या. चाकावर लोखंडी धाव, आखाला वंगण, आणि वाट मुरमाची. अशा गाड्या हलवायलाच जीव जायचा. म्हातारे सांगतात की बगलेला पंचवीस-तीस माणसं असायची आणि तरीही गाड्या दोनदा-तीनदा अडायच्या. हलगी वाजत असायची. हलगीवाला समोर, गर्दीकडं तोंड करून. गाड्या अडल्या की तो हात थांबवायचा, पुन्हा जोर लागला की कडकडाट. म्हणजे थांबा आणि चला, दोन्ही खुणा हलगीत होत्या. तेव्हा कुणी त्याला व्यवस्था म्हणत नव्हतं.

मग लाकडी गाड्या गेल्या. सुतारांनी दुसरी कामं धरली, धाव चढवणारा माणूस तालुक्यात शोधून सापडेना. आता गावात ज्या बैलगाड्या आहेत त्या बहुतेक ऊसतोडीच्या, रबरी टायरच्या. बेअरिंगवर चालणारी ही गाडी बैलजोडी दीड-दोन टन ऊस भरून ओढते. कामासाठी सोन्यासारखी. वेशीपासून देवळापर्यंतचा मुरूम गेला आणि डांबर आलं. भर टाकताना वेशीकडची बाजू उंच झाली, कारण पावसाचं पाणी देवळाच्या मागच्या ओढ्याकडं काढायचं होतं. हलगीच्या जागी डीजे आला.

यातला एकेक बदल सुधारणाच होता. चारही एका ठिकाणी जमले तेव्हा काय होतं, ते अपघाताच्या वर्षी दिसलं. त्याआधीची तीन-चार वर्षं गाड्या ‘लई जोरात’ निघत होत्या आणि लोक खूश होते. आबांच्या अंगात देवाचा जोर वाढलाय असंच गाव म्हणत होतं.

घटना

त्या वर्षी गाड्यांत शंभरेक माणसं बसली होती. हा आकडा नंतर मोबाइलच्या व्हिडिओवरून काढला, खात्रीचा नाही. गाड्या हात लावताच निघाल्या. निम्म्या वाटेवर आबा ओढत नव्हते, पुढं पळत होते. त्यांचा पुतण्या बगलेला होता, त्यानं दंडाला धरून आबांना बाजूला ओढलं. त्याच्या त्या झटक्यामुळं आबा वाचले. पण आता पहिल्या गाडीच्या पुढं कुणीच नव्हतं. जू डांबरावर आपटलं, गाडी तिरकी झाली आणि मागच्या अकरा गाड्या तिच्यावर रेटल्या गेल्या.

सातव्या गाडीच्या कडेला पाय सोडून बसलेल्या एका तरुणानं घाबरून उडी मारली. आठव्या गाडीचं चाक त्याच्या नडगीवरून गेलं. दोन्ही हाडं मोडली. गाड्या पाराच्या कठड्याला धडकून थांबल्या. दोन दांड्या तुटल्या, काही बायामाणसांना मुका मार लागला. डीजेचा आवाज त्यानंतरही चालू होता. ‘थांबा’ म्हणून ओरडणारे पन्नास जण होते, पण ऐकू कुणाला येणार.

पोराला अहिल्यानगरला नेलं. शस्त्रक्रिया झाली, रॉड बसवला. दवाखान्यातून पोलिसांना कळवलं गेलं, जबाब झाले. घरच्यांनी कुणाविरुद्ध तक्रार दिली नाही. ‘देवाच्या दारात झालं, कुणाचं नाव घ्यायचं,’ असं त्याचे वडील म्हणाले. हे मोठेपण म्हणायचं की भावकीत राहायचं असल्यानं आलेली सक्ती, याचा निवाडा मी करू शकत नाही. दोन्ही असावं.

गावानं लावलेली कारणं

पहिली बैठक देवळात झाली. तीन कारणं पुढं आली. एका गटाचं म्हणणं, सोवळं मोडलं, कुणीतरी विटाळ कालवला. दुसरा गट, त्यात बहुतेक तरुण मंडळाची पोरं, म्हणाला की दोर कुचका होता. तिसऱ्यांचं बोट डीजेकडं आणि रील काढण्यासाठी चालत्या गाडीवर चढणाऱ्यांकडं. प्रत्येक कारण दुसऱ्याच्या अंगावर ढकलणारं होतं. आबा गप्प बसून होते.

सरपंचबाई तेवढ्या वेगळं बोलल्या. त्यांनी विचारलं, ‘गाड्या ओढायला आबा हायेत. थांबवायला कोण हाय?’

कुणी उत्तर दिलं नाही. माझ्या मते या प्रकरणातलं पहिलं निर्णायक वळण हेच. तोवर सगळी चर्चा ‘काय चुकलं’ यावर चालली होती. आता विषय आला की एक काम असं आहे जे कुणालाच नेमून दिलेलं नाही. बारा गाड्यांच्या सगळ्या मानपानात, म्हणजे दोर कुणाचा, पहिली गाडी कुणाची, भंडारा कुणी लावायचा, यात गाड्या थांबवण्याचा मान कुणाकडेच नव्हता. जुन्या काळी त्याची गरजच पडली नाही. मुरूम आपोआप थांबवत होता.

मोजमाप

बाईंच्या प्रश्नानंतर मी रस्ता मोजू म्हणालो. गवंड्याची पाणी भरलेली लेव्हलची नळी आणली. वेशीपासून शंभर फुटांवर एक पोरगा उभा केला. नळीतलं पाणी स्थिर झालं तेव्हा त्याच्या बाजूला पाण्याची रेघ जमिनीपासून दोन फूट जास्त उंचीवर आली. म्हणजे शंभराला दोन फूट उतार. डोळ्यांना हा रस्ता सपाट वाटतो. तिथं जमलेल्यांपैकी एकानंही आधी उतार आहे असं म्हटलं नव्हतं.

एक गाडी वजनकाट्यावर नेली. रिकामी गाडी चारशे किलोच्या आसपास भरली. बारा गाड्या आणि शंभर माणसं धरली तर सगळं मिळून पावणेअकरा टनांच्या जवळ जातं. दोन टक्के उतारावर एवढं वजन स्वतःला दोनशे किलोच्या वर जोर लावून खाली ढकलतं. हवा भरलेल्या टायरला चांगल्या डांबरावर होणारी अडवणूक वजनाच्या एक ते दीड टक्काच, म्हणजे शंभर ते दीडशे किलो. उरलेला जोर गाड्यांना पुढंच नेणार. एकदा हलल्या की ओढायला माणूस नको. तीनशे फुटांच्या शेवटी वेग ताशी बारा-चौदा किलोमीटरवर जातो. दिवसभर उपाशी असलेल्या, अनवाणी, पन्नाशी उलटलेल्या माणसानं तेवढ्या वेगानं पळायचं, आणि त्याच्या पाठीशी पावणेअकरा टन.

हा हिशोब मी पाटीवर लिहून दाखवला तेव्हा एक धोका होता. गावाला यातून ‘आबा ओढतच नव्हते’ एवढंच ऐकू आलं असतं तर पुढची बैठक झाली नसती. मी तसं वाक्य टाळलं. आबांनीच ते बोलून टाकलं. म्हणाले, ‘मी कधी म्हणलो मी ओढतो म्हणून? मी म्होरं चालतो. देव आन् गाव ओढतंय.’ मग जरा थांबून, ‘पर आता म्होरं चालायचं भ्या वाटतं.’

भगताच्या तोंडून भीतीचा शब्द निघाला आणि बैठकीचा नूर पालटला. सोवळ्याचा मुद्दा त्यानंतर कुणी काढला नाही.

पर्याय

सोपा पर्याय म्हणजे बंद करणं. पोलीस ठाण्यातूनही सूचना साधारण त्याच सुरात होती. २००५ साली मांढरदेवीच्या यात्रेत झालेल्या चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे माणसं गेली, तेव्हापासून यात्रेच्या परवानगीच्या वेळी प्रश्न वाढले आहेत आणि ते वाढायलाच हवेत. पण बंदची अडचण अशी की गावात दुसरा गट होता, जो कमिटीनं बंद केल्यावर स्वतः करून दाखवणार होता. तसं उघड बोललंही गेलं. मग हीच गोष्ट रात्री, घाईत, पोलिसांना न कळवता झाली असती. शिवाय नवसाची घरं होती. मूल व्हावं, दुखणं बरं व्हावं म्हणून ‘गाडीत बसवीन’ असं बोललेली. त्यांना काय सांगायचं?

बाराच्या पाच गाड्या कराव्यात असं दोघा-तिघांनी सुचवलं. वजन निम्म्याच्या खाली येतं, हे खरं. पण डांबर आणि उतार तेच राहिले तर पाच गाड्याही पळणारच, वेगही जवळपास तेवढाच होणार, कारण उताराचा रेटा आणि टायरची अडवणूक दोन्ही वजनाच्या प्रमाणात कमी होतात. हे पटवायला वेळ लागला. ‘कमी म्हंजी सोपं’ असं सगळ्यांना वाटत होतं. शेवटी एका पोरानं उतारावर आधी एक रिकामी गाडी सोडून पाहिली, मग दोन जोडून. दोन्ही वेळा गाडी त्याच जागी तेवढ्याच जोरात आली. त्यानंतर हा पर्याय मागं पडला.

मागं ट्रॅक्टर बांधून गाड्या धरून ठेवायच्या, हा तरुणांचा आवडता मार्ग होता. आबांनी एका वाक्यात मोडीत काढला: ‘मंग ट्रॅक्टरलाच भंडारा लावा.’ मला वाटतं त्यावर जरा जास्त बोलायला हवं होतं. कौशल्यानं चालवलेला ट्रॅक्टर हा सगळ्यांत भरवशाचा ब्रेक ठरला असता. पण मान्य आहे की गाव ज्या गोष्टीसाठी जमतं ती गोष्ट मग उरत नाही.

बारा गाड्यांच्या जागी गोटा उचलण्याची मोठी स्पर्धा ठेवावी, बक्षीस लावावं, ही सूचना शाळेतल्या शिक्षकांची. चांगली होती, पण गोटा एकाचा असतो. गाड्यांत म्हातारी, पोरं, सुना सगळ्यांना जागा असते. ती सूचना दुसऱ्या दिवशीच्या फडात जोडली गेली, एवढंच.

शेवटी उरली ती मुरमाची वाट. डांबरी रस्त्याला समांतर, देवळाच्या पूर्वेकडं मुरमाड माळ आहे. उतार मोजला तर शंभराला एक फूट. जमीन गावठाणची, अतिक्रमणात दोन उकिरडे आणि एक कडब्याची गंजी.

काय ठरलं

वाट माळावरून घ्यायची. आकडा बाराच ठेवायचा, कारण तो नवसाचा आकडा. पण गाडीत दोनच माणसं बसतील, तीही साट्याच्या, म्हणजे गाडीच्या तळफळीच्या, मध्ये, पाय आत घेऊन. याप्रमाणे वजन सव्वासहा टनांवर आलं. मुरमावर टायरची अडवणूक तीन टक्के धरली तर गाड्या चालत्या ठेवायला उतार वजा जाता सव्वाशे किलोचा जोर लागतो. म्हणजे हात सुटला तर गाड्या थांबणार. हीच खरी कळ होती. पहिल्या जागी हात सुटला की गाड्या पळत होत्या, इथं हात सुटला की गाड्या उभ्या राहतील.

थांबवण्याचा मान नेमून दिला. मोटेच्या काळातला एक जाड नाडा एका घरात माळ्यावर होता, पण तो उंदरांनी खाल्लेला निघाला. नवीन दोर घेतला. शेवटच्या, म्हणजे बाराव्या गाडीला तो बांधायचा आणि तालमीतली वीस पोरं मागं धरून चालतील. मागून का, यावर वाद झाला. चाकाखाली उटी लावणारी माणसं प्रत्येक गाडीला ठेवावीत असं पोलीस पाटलांचं मत होतं. चालत्या चाकाखाली वाकून दगड सरकवायचा म्हणजे हात गमावायची तयारी, म्हणून उटी फक्त गाड्या थांबल्यावर लावायची असं ठरलं. पुढून अडवलं तर मागच्या गाड्या पुढच्यांवर चढतात, हे अपघातात दिसलंच होतं. मागून धरलं तर सगळी रांग ताणलेली राहते आणि सरळ चालते.

शिवाय पाराच्या आधीचे पन्नास फूट नांगरून ठेवायचे. ही कल्पना एका शेतकऱ्याची, बैठकीत सगळ्यांत मागं बसलेल्या. ‘पेरणीच्या रानात टायरगाडी घातलीय का कुणी? बैल बी बसत्यात.’ भुसभुशीत मातीत टायर रुतलं की अडवणूक चार-पाच पट होते. खर्च फक्त ट्रॅक्टरच्या डिझेलचा. माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं, आणि सगळ्या योजनेतला सर्वांत पक्का भाग हाच ठरला असता, लागला असता तर.

डीजे गाड्यांच्या वेळी बंद, हलगी परत. हलगी थांबली की सगळ्यांनी हात सोडायचे. यावर मंडळाच्या पोरांशी खडाजंगी झाली, शेवटी गाड्या पारावर पोचल्यानंतर डीजे लावायचा यावर तडजोड.

नवसाच्या घरांचा प्रश्न आबांच्या आईनं सोडवला. नव्वदीकडं झुकलेली बाई. ती म्हणाली, नवस ‘गाडीत बसवीन’ असा बोललेला असतो, ‘पळत्या गाडीत बसवीन’ असा कुणी बोललेला नसतो. तेव्हा गाड्या एकमेकींना बांधून उभ्या असताना सकाळपासून ज्याला बसायचं त्यानं बसावं, नारळ फोडावा, उतरावं. दिवसभर तशी रांग लागली. माझ्या मते अपघाताची शक्यता सर्वांत जास्त कमी केली ती या तोडग्यानं, कारण गाड्यांवरची लहान मुलं पूर्ण बंद झाली आणि कुणाचं मनही दुखावलं नाही.

यात्रेचा दिवस

गाड्या निघाल्या नाहीत. पहिल्या जोराला इंचभरही नाही. हलगी थांबली, हात सुटले, पुन्हा हलगी. दुसऱ्या जोराला निघाल्या, साठ-सत्तर फुटांवर अडल्या. गेल्या काही वर्षांत पळणाऱ्या गाड्या बघून सवयीला आलेली पोरं कंटाळली. ‘यंदा मजा न्हाई’ हे वाक्य किती जणांच्या तोंडी ऐकलं. एक म्हातारा मात्र माझा हात दाबून म्हणाला, ‘आता कशा बारा गाड्या वाटत्यात!’ त्यानं लाकडी चाकाच्या गाड्या पाहिलेल्या.

आबांच्या बगलेला आधी सहा जण ठेवले होते. ते अपुरे पडले, आणखी आठ-दहा घ्यावे लागले. गणितात गाड्या चालत्या ठेवण्याचा जोर धरला होता, हलवण्याचा नाही. मुरमात बसलेलं चाक सुटायला कितीतरी जास्त जोर लागतो. हे आधी लक्षात घेतलं असतं तर सुरुवातीची पंधरा मिनिटांची ओढाताण टळली असती आणि ‘देव रुसला’ ही कुजबुजही.

शेवटच्या टप्प्यात मागच्या दोराचा उपयोग झाला. वाटेत एके ठिकाणी उतार थोडा जास्त होता, तिथं गाड्या धावू लागल्या. तालमीच्या पोरांनी पाय रोवून दोर धरला. गाड्या हळू झाल्या, पण चार-पाच जणांच्या तळहाताची सालं निघाली. नायलॉनचा दोर उघड्या हातांनी धरायचा नसतो, हे शेतकऱ्याच्या पोरांना सांगावं लागेल असं कुणाला वाटलं नव्हतं. किमान गोणपाट गुंडाळायला हवं होतं. गाड्या नांगरटीच्या अलीकडंच थांबल्या. पाराला हात लावायची प्रथा असल्यानं आबा तेवढे चालत गेले.

दुसऱ्या गावाहून आलेल्या पाहुण्यांपैकी तिघे-चौघे दोनदा गाड्यांवर चढले, त्यांना उतरवावं लागलं. दोरीचं कडं फक्त एका बाजूला होतं. होमगार्ड मिळाले ते सगळे वाहनतळावर गुंतले.

नंतर

त्या वर्षी कुणाला लागलं नाही, हातांची सालं सोडली तर. पुढच्या वर्षी हीच पद्धत ठेवायची असं बैठकीत ठरलं, पण एका वर्षाच्या यशावरून फार काही सिद्ध होत नाही. डांबरी रस्ता अजून तिथंच आहे आणि ‘तिकडूनच घ्या, इकडं लई जड जातं’ म्हणणारा गट वाढतो आहे. माळावरचे उकिरडे परत आले आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

मोजमाप अपघातानंतर झालं. डांबर पडलं त्याच वर्षी नळी लावली असती तर दोन फुटांचा उतार तेव्हाच कळला असता. रस्त्याचं काम करणाऱ्यांना बारा गाड्यांची माहिती असण्याचं कारण नव्हतं, गावाला होती. गाड्या जास्त जोरात निघायला लागल्या तेव्हाही कुणीतरी ‘का?’ विचारायला हवं होतं. जोर वाढला की कौतुक करायची सवय सगळ्याच ताकदीच्या खेळांत आहे. फडात पैलवान अचानक फार बलवान झाला तर वस्ताद त्याच्याकडं संशयानं बघतो, गाड्यांकडं तसं कुणी बघितलं नाही.

ट्रॅक्टरचा पर्याय मागच्या दोराला जोड म्हणून, दोर सैल ठेवून, फक्त संकटासाठी ठेवता आला असता. तो बैठकीत हशावर गेला.

पण माझ्या लेखी मोठी उणीव दुसरीच आहे. वर्षभर कमिटीनं गाड्यांचा विचार केला, पाय मोडलेल्या पोराचा कमी केला. शस्त्रक्रियेचा मुख्य खर्च सरकारी योजनेत बसला, वरचा खर्च वर्गणीतून दिला, आणि विषय मिटला असं मानलं. तो ऊसतोडीला जाणारा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. चैत्रात मोडलेली नडगी दसऱ्यापर्यंत जुळली, पण डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढण्याइतकी नाही. टोळी नेणाऱ्या मुकादमानं पूर्ण कोयत्याची उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, द्यायला नकार दिला. आधीच्या हंगामाची थोडी बाकी अंगावर होती ती तशीच राहिली. बायको भावाच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून गेली, तो दोन लेकरांना घेऊन गावात राहिला. शेतकऱ्यांसाठीची सरकारी अपघात मदत मृत्यू झाला किंवा अवयव गमावला तर मिळते, जुळलेल्या हाडाला नाही. यात्रेचा विमा उतरवलेला नव्हता, अजूनही नाही.

बैठकीला त्याला बोलावलं नव्हतं. गाड्यांवर बसलेल्यांपैकी एकालाही नव्हतं. त्याला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता ते मी नंतर त्याच्या घरी जाऊन ऐकलं: उडी मारली कारण कुणी ‘बसून राहा’ म्हणालं नाही, सगळे ‘थांबा, थांबा’ करत होते. यावरून यंदा गाडीत बसणाऱ्यांना आधी एकच गोष्ट सांगायची ठरली आहे, काहीही झालं तरी खाली उडी मारायची नाही.

फडाच्या इनामातून दरवर्षी दहावा हिस्सा बाजूला काढून यात्रेत जखमी होणाऱ्यासाठी ठेवायचा, आणि सुरुवात याच पोराच्या बुडालेल्या हंगामापासून करायची, असा प्रस्ताव सरपंचबाईंनी मांडला आहे. पैलवानांची हरकत नाही. कमिटीतल्या दोघांची आहे, मागचं आता उकरू नये म्हणून. पट्टा पडून माणसं गावात आली की त्यावर बैठक आहे. या वेळी त्याला आणि त्याच्या बायकोला निरोप गेला आहे.